शनिवारची टेप

१

वृद्धनिवासाच्या दारात पाऊल टाकलं आणि फिनाइलचा वास आणि त्यावर मारलेल्या गुलाबाच्या स्प्रेचा वास, दोन्ही एकदमच नाकात शिरले. जिथे एका वासावर दुसरा वास मारावा लागतो, तिथे माझं मन कधी रमत नाही.

मागच्या रविवारी दुपारी याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक म्हातारी बाई न्हाणीघरात पडून गेली. तिला सगळे भूगोलाच्या बाई म्हणायचे, कारण जन्मभर शाळेत तिने तोच विषय शिकवला होता. पडल्याबरोबर प्राण गेला नव्हता. बराच वेळ ती जिवंत होती, असं डॉक्टरी अहवालात स्पष्ट लिहिलं होतं. न्हाणीघरातल्या फोनचा रिसीव्हर वायरीला लोंबत होता. म्हणजे तिने फोन केला होता, आणि कुणीही गेलं नव्हतं.

तिथली व्यवस्था साधी होती. खोलीतल्या किंवा न्हाणीघरातल्या फोनचं बटण दाबलं की नर्सच्या टेबलावर घंटा वाजायची. कुणी उचललं नाही तर व्हॉइसमेल निरोप घ्यायचा, आणि तो निरोप कुणीतरी ऐकेपर्यंत टेबलावर लाल दिवा लुकलुकत राहायचा. त्या दुपारी मजल्यावर एकटी सिस्टर होती. तिचं म्हणणं, दिवा लागलेलाच नव्हता. भूगोलाच्या बाईंच्या मुलीचं म्हणणं, ही सटवी खोटं बोलते, हिनेच माझ्या आईला मारलं. सोमवारी सिस्टरची चौकशी होती. ती विरुद्ध गेली की तिचा परवाना जाणार होता आणि पुन्हा कुठल्याही रुग्णाला हात लावायची तिला बंदी होणार होती.

माझी नोकरी टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात झाली. निवृत्त झाले तरी लोक मला तक्रारबाईच म्हणतात, आणि मला त्याचं काही वाटत नाही. हरवलेले निरोप आणि पुसलेली रेकॉर्डिंग बॅकअपच्या टेपवरून परत काढून देणं हे आता माझं काम. संस्थेच्या अध्यक्षबाईंनी मला त्यासाठीच बोलावलं होतं. "निरोप असेल तर सापडू दे, नसेल तर नाही म्हणून लिहून दे," त्या म्हणाल्या, "पण सोमवारच्या आत."

यायच्या आधी घरूनच मी तिथला एकेक एक्स्टेंशन नंबर फिरवून पाहिला होता. ही माझी खोड आहे. कोण आपल्या आवाजात काय स्वागत करून ठेवतो, यावरून माणूस बराच कळतो. डॉक्टरांचा आवाज म्हणाला, मी महिनाभर परगावी आहे. नर्सच्या टेबलावर भलत्याच बाईचा आवाज होता. ती नोकरी सोडून गेल्याचं नंतर कळलं. स्वयंपाकघराने सांगितलं की नवी शेगडी बसवणं चालू आहे. फक्त व्यवस्थापकांचा आवाज कसा ताजा, तुपाळ होता. "नमस्कार. मी व्यवस्थापक बोलतोय. आपला निरोप व्यवस्थापकांसाठी ठेवा." एका दमात दोनदा व्यवस्थापक. मी फोन ठेवून हात पुसले.

यंत्र जिन्याखालच्या खोलीत होतं. मी ते उघडलं, निरोपांची पेटी चाळली आणि कपाळाला हात लावला. मागच्या रविवारचा निरोप नव्हताच. शनिवारचेही नव्हते. त्याच्या आधीच्या आठवड्याचेही नव्हते. कुणीतरी या यंत्राला एका जुन्या टेपवरून उचलून थेट मागच्या महिन्यात नेऊन बसवलं होतं.

२

व्यवस्थापक माझ्यासाठी खुर्चीतून उठले, हात पुढे केला, मग बाटलीतलं सुगंधी जेल तळहातावर घेतलं आणि बोलता बोलता ते बोटांच्या बेचक्यात चोळत बसले. दारावरची पितळी पाटी इतकी नवी होती की तिच्यावरचा प्लास्टिकचा पापुद्रा एका कोपऱ्यात अजून तसाच होता. टेबलावर त्यांचं जेवण झाकून ठेवलेलं होतं. मी आल्यामुळे ते थंड होत होतं, हे त्यांनी दोनदा झाकण हलवून माझ्या लक्षात आणून दिलं.

"मॅडम, तुम्ही आज उगीच तसदी घेतलीत," ते म्हणाले. "सोमवारी आला असतात तर निवांत दाखवलं असतं सगळं."

"सोमवारी चौकशी आहे."

"हो, ते आहेच. बिचारी सिस्टर. मी तिच्याविरुद्ध एक शब्द बोललेलो नाही. पण माणूस गेलेलं आहे, कुणीतरी जबाबदारी घ्यायला नको का?"

"यंत्र जुन्या टेपवर कुणी नेलं?"

"रविवारी संध्याकाळी ते बंद पडलं म्हणे. आमचा वायरमन ड्युटीवर होता. रविवारची टेप यंत्रातच अडकून फाटली, म्हणून त्याने महिनाअखेरची टेप लावून चालू केलं. मला सोमवारी सकाळी आल्यावर त्यानेच सांगितलं. तोवर मला कल्पनासुद्धा नव्हती." त्यांनी पुन्हा जेल घेतलं. "तांत्रिक गोष्टीत मी पडतच नाही."

वायरमनला बोलावलं. पन्नाशीचा, पोट सुटलेला, नजर जमिनीवर. इमारतीतले दिवे, पंखे, फोन सगळं तोच पाहायचा. रोज सकाळी त्या त्या वाराची टेप यंत्रात घालायची आणि आदल्या दिवशीची काढून कपाटात ठेवायची, हेही त्याचं काम. सात वारांच्या सात टेप आणि महिनाअखेरची एक. संध्याकाळी यंत्र आपोआप बॅकअप घ्यायचं, मागच्या आठवड्याचं पुसून त्यावर नवं लिहायचं.

"तू केलंस?" मी विचारलं.

"हो. मीच केलं." प्रश्न संपायच्या आत उत्तर. बघत मात्र तो व्यवस्थापकांकडे होता.

"रविवारी संध्याकाळी?"

"हो, रविवारी संध्याकाळी."

"मग गर्दीतून आत यायला त्रास झाला असेल तुला."

"कसली गर्दी? नेहमीसारखं शांत होतं."

व्यवस्थापकांनी जेलची बाटली टेबलावर जरा जोरात ठेवली. रविवारी संध्याकाळी फाटकात शववाहिका आडवी उभी होती, पोलिसांची गाडी होती, आणि भूगोलाच्या बाईंची मुलगी रस्त्यावर बसून किंचाळत होती. अर्धी गल्ली गोळा झाली होती. हा माणूस त्या दिवशी तिथे नव्हताच, आणि तरी न केलेलं काम आपल्या अंगावर घेत होता.

३

सिस्टर मला मागच्या जिन्यात भेटली. तिला घरी बसवलं होतं. ती कपाटातले आपले बूट आणि डबा न्यायला आली होती आणि कुणाच्या समोर पडायला नको म्हणून मागून जात होती.

"मी काय सांगू मावशी," ती म्हणाली, "सांगून सांगून तोंड दुखलं. शेजारच्या खोलीतल्या आजोबांना धाप लागली होती. ऑक्सिजन लावून त्यांच्या पाठीशी उशी धरून बसले होते मी. हात सोडायची सोय नव्हती. टेबलावर घंटा वाजली असेल, मी नाही म्हणत नाही. पण आजोबा सावरल्यावर मी पहिल्यांदा टेबलाकडेच गेले. दिवा बंद होता. दिवा लागलेला असता तर मी चालत गेले असते का हो? धावले असते."

"आजोबा सांगतील ना तसं?"

"सांगतात की. पण साहेब म्हणतात, त्यांना सकाळचा चहा घेतलेला आठवत नाही, त्यांची साक्ष कसली काढता."

मी आजोबांकडे जाऊन आले. त्यांना चहा आठवत नव्हता हे खरं. पण सिस्टरने पाठीशी उशी धरली होती, हे त्यांनी मला न विचारता सांगितलं, आणि ती कुठे गेली म्हणून माझ्यावरच खेकसले.

"आणि बाहेर?" मी परत येऊन सिस्टरला विचारलं.

ती हसली, पण ते हसणं नव्हतं. "त्यांच्या मुलीने सगळ्यांना फोन केलेत. माझ्या आधीच्या दवाखान्यात, माझ्या घरमालकिणीला, नर्सिंगच्या वर्गातल्या मैत्रिणींना. घरमालकीण म्हणते, महिनाअखेरीला खोली सोड, लोक विचारतात. माझ्या आईला तिच्याच बहिणीने फोन करून सांगितलं, तुझ्या पोरीने बाई मारली म्हणे. आईने मला अजून विचारलेलं नाही. विचारत नाही हेच मला सहन होत नाही."

मला त्या अख्ख्या इमारतीचा वीट आला. पण तिच्या बोलण्यात एक गोष्ट होती, आणि ती कुणीच नीट ऐकलेली नव्हती. दिवा फक्त दोनच कारणांनी बंद असू शकतो. एक, निरोप आलाच नाही. दोन, निरोप आला आणि कुणीतरी तो दुसरीकडे ऐकला. कुणीही, कुठूनही ऐकला, तरी टेबलावरचा दिवा विझतो.

आणि दुसरीकडे ऐकण्याची सोय त्या यंत्रात होती. नर्सने थोड्या वेळात निरोप ऐकला नाही तर यंत्र आपणहून एका माणसाच्या मोबाइलवर फोन करून तो निरोप ऐकवायचं. मी खाली जाऊन त्या माणसाचं नाव पाहिलं. तिथे डॉक्टरांचं नाव होतं.

४

डॉक्टर आठवड्यातून तीनदा यायचे. ते तपासणीच्या खोलीत बसून मोबाइलवर कुठलासा सामना बघत होते, आणि माझ्याशी बोलतानाही त्यांचा एक डोळा तिथेच होता. समोरच्या बाकावर एक म्हातारी बाही वर करून ताटकळत बसली होती.

"माझ्याकडे? निरोप?" ते म्हणाले. "ते बंद झालं मॅडम. सुटीवरून परत आलो तेव्हापासून माझा संबंध नाही."

"यंत्रात तुमचंच नाव आहे."

"असेल. मला काय विचारता? मी परत आलो तर नव्या साहेबांनी फर्मान काढलेलं. इथून पुढे जे काही असेल ते आधी माझ्याकडे आलं पाहिजे. मी म्हटलं, घ्या बाबा, माझी झोप वाचली."

"नवे साहेब? व्यवस्थापक नवे आहेत?"

"माणूस जुना आहे, खुर्ची नवी." आता मात्र त्यांनी मोबाइल खाली ठेवला. याची मजा त्यांना सामन्याहून जास्त होती. "या महिन्याच्या पहिल्या तारखेला बढती मिळाली. तोवर उपव्यवस्थापक. पहिल्याच दिवशी पाटी बदलली, खुर्ची बदलली, कप बदलला. झाडूवालीने चुकून उपव्यवस्थापक म्हटलं तर तिला दुसऱ्या पाळीत टाकलं. 'उप' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नाही."

बाकावरच्या म्हातारीने खाली मान घालून हसू दाबलं.

मी तिथेच उभी राहिले. यंत्र मागच्या महिन्यात गेलेलं होतं. त्या महिन्यात डॉक्टर परगावी होते, म्हणून त्यांचा परगावचा आवाज परत आला. नर्सच्या टेबलावर जुनी बाई परत आली, स्वयंपाकघरात शेगडी परत बसायला लागली. मग त्याच टेपवरून आलेला व्यवस्थापकांचा आवाज कुणाचा असायला हवा होता?

उपव्यवस्थापकांचा. आणि मी सकाळी ऐकला होता तो व्यवस्थापकांचा.

मी जिना दोन दोन पायऱ्या उतरले. या वयात ते करू नये. प्रत्येक स्वागत कधी भरलं याची नोंद यंत्र ठेवतं. सगळ्यांची स्वागतं मागच्या महिन्यातली किंवा त्याहून जुनी होती. एक सोडून. ते मागच्या रविवारी संध्याकाळी भरलेलं होतं.

आणि ज्याने ते भरलं, त्याला सोमवार सकाळपर्यंत कल्पनासुद्धा नव्हती.

५

आता मला माणूस कळला होता, पण त्याचा उपयोग शून्य होता. चौकशीत तो म्हणाला असता, यंत्राचं घड्याळ चुकलं. सिस्टर वाचायची तर तो निरोपच हवा होता. आणि रविवारची टेप फाटलेली होती. मी ती कपाटात पाहिली. आतली फीत हाताने ओढून, चुरगाळून, कात्रीने कापलेली होती. यंत्र असं नीट कापत नाही.

मी वायरमनला जिन्याखालच्या खोलीत घेतलं आणि दार लावलं.

"रविवारी तू कुठे होतास?"

"इथेच."

"हे बघ, सोमवारी पोलिस येतील तेव्हा टेप कापणारा म्हणून तुझं नाव पुढे असेल. तू स्वतःच्या तोंडाने कबूल केलंयस. तुला त्याने काय सांगितलंय?"

त्याने एकदा बंद दाराकडे बघितलं. मग एकदम सगळं भडाभडा बाहेर पडलं. रविवारी तो कधीच येत नव्हता. हजेरी मात्र लागायची. व्यवस्थापकांना ते ठाऊक होतं आणि सोमवारी सकाळी त्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, यंत्र तूच रविवारी चालू केलंस असं म्हण, नाहीतर तुझ्या सगळ्या रविवारांचा हिशोब काढतो. हा शेपूट घालून हो म्हणाला होता. एका बाईचा परवाना जातोय हे त्याला ठाऊक होतं, आणि तरी रविवारची झोप त्याला जास्त प्यारी होती. मला त्याच्याकडे बघवेना.

पण बघत राहणं भाग होतं, कारण एक गोष्ट माझ्या डोक्यात टोचायला लागली होती.

"रविवारी येत नाहीस, तर रविवारची टेप यंत्रात कोण घालतं?"

"कुणीच नाही. ती नुसती कपाटात असते, नावाला."

"मग रविवारी संध्याकाळचा बॅकअप कशावर होतो?"

हे त्याच्या डोक्यात आजवर आलंच नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. "यंत्रात जी असेल तिच्यावर," तो सावकाश म्हणाला. "म्हणजे... शनिवारच्या. शनिवारची सोमवारपर्यंत आतच राहते. तिच्यावरच परत होतो."

म्हणजे कात्री चालली होती ती कोऱ्यासारख्या पडून असलेल्या टेपवर. रविवारचा बॅकअप होऊन गेल्यावर व्यवस्थापकांनी जुनी टेप लावण्यासाठी यंत्रातली टेप काढली, तिच्यावर शनिवार वाचलं, आणि ती कपाटात शनिवारच्या जागी नीट ठेवून दिली. तिच्यातच रविवार होता.

"शनिवारची टेप कुठे आहे?" मी विचारलं आणि विचारतानाच मला कळलं.

"आज शनिवार ना," तो म्हणाला. "सकाळीच यंत्रात घातली."

मी वळले. यंत्र माझ्या मागेच होतं, पण टेप लावायचं खोकं पलीकडच्या कोठीत होतं आणि त्या कोठीला दुसरं दार होतं. मी ते मधलं दार ढकललं. व्यवस्थापक खोक्यापुढे वाकून उभे होते. खोक्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता आणि आत टेप फिरल्याचा घरघर आवाज येत होता.

"म्हटलं, आजचा बॅकअप जरा लवकर उरकून घेऊ," ते म्हणाले. "शनिवार आहे, लोकांना घरी जायचं असतं."

६

टेपवर लिहिण्याआधी यंत्र ती सुरुवातीपर्यंत मागे गुंडाळून घेतं. तेवढाच वेळ माझ्या हातात होता. मी त्यांना खांद्याने बाजूला सारलं आणि भिंतीतला प्लग उपटला. घरघर थांबली. ते "मॅडम, हे तुम्ही काय करताय" म्हणत राहिले. मी टेप काढून पदरात गुंडाळली आणि अध्यक्षबाईंना बोलवायला वायरमनला पिटाळलं. पळण्यापुरता तरी तो उपयोगाचा निघाला.

ते टेप स्वतःला वाचवायला पुसत होते, यात नवल नव्हतं. त्यात रविवार आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या पेटीतले जुने निरोप मागच्या आठवड्याच्या प्रत्येक टेपवर होते, आणि त्यांना फक्त ते संपवायचे होते. रोज एक वार पुसला जात होता. शनिवार झाला की सगळे वार झाले. म्हणूनच मी सोमवारी यावं असं त्यांना वाटत होतं.

माझ्या गाडीत तसलंच एक जुनं यंत्र असतं. ते सभागृहात मांडलं आणि टेप त्यात लावली. अध्यक्षबाई आल्या आणि त्यांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. डॉक्टर दाराला टेकून उभे राहिले. भूगोलाच्या बाईंची मुलगी आली ती थेट पहिल्या खुर्चीत बसली. सिस्टर शेवटच्या रांगेत होती आणि मुलीने तिच्याकडे मान वळवली नाही. व्यवस्थापक हातावर जेल चोळत होते.

मी सगळं क्रमाने सांगितलं. टेप, रविवारची हजेरी, परत आलेले जुने आवाज.

"एका निरोपासाठी कुणी अख्खं यंत्र मागे नेत नाही," मी म्हणाले. "निरोप पुसता येतो. पण तो कुणी ऐकला आणि कुणी पुसला ही नोंद मागे राहते. नोंद घालवायची तर सगळंच मागे न्यावं लागतं. ते यांनी नेलं. फक्त त्याबरोबर यांचं स्वतःचं स्वागतही मागे गेलं. फोनवर पुन्हा 'मी उपव्यवस्थापक बोलतोय' ऐकू येऊ लागलं, आणि ते यांना एक रात्रसुद्धा सोसवेना. वरच्या मजल्यावरून मुडदा खाली आणत होते, आणि हे खाली बसून आपल्या आवाजातला 'उप' काढत होते."

अध्यक्षबाईंनी तोंडाला रुमाल लावला.

"हा तर्क आहे," व्यवस्थापक म्हणाले. "निरोप कुठाय?"

मी बटण दाबलं.

आधी व्यवस्थापकांच्या पेटीत पडून राहिलेले निरोप आले. भूगोलाच्या बाईंचा खणखणीत, वर्गातला आवाज. "व्यवस्थापक, न्हाणीघरातली आधाराची दांडी भिंतीतून सुटत आली आहे. कृपया माणूस पाठवा." दुसरा तसाच. तिसऱ्यात "कृपया" नव्हतं. पडल्या तेव्हा ती दांडी बाईंच्या हातात होती, हे अहवालात होतंच.

मग रविवार आला.

"सिस्टर, मी न्हाणीघरात पडले आहे. दाराच्या उजव्या अंगाला, बेसिनखाली. दांडी निघाली. उठता येत नाही." जरा श्वास. "भिंतीपलीकडे आजोबांची धाप मला ऐकू येते आहे, म्हणजे तुम्ही तिथे असाल. त्यांना आधी बघा. मी थांबते. पण नंतर या हं."

यंत्राच्या पडद्यावर खाली ओळ उमटली: निरोप बाहेरून ऐकला, व्यवस्थापक. त्याच क्षणी वर टेबलावरचा दिवा विझला होता.

"बघा," व्यवस्थापक म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चक्क सुटका होती, "त्या स्वतःच म्हणाल्या ना, मी थांबते म्हणून! घाई आहे असं कुठे आहे त्यात? मी जेवायला बसलो होतो बाहेर, मला वाटलं सिस्टर तिथे आहेच, ती बघेल की."

मला वाटलं होतं की या माणसाची किळस यायची तेवढी येऊन झाली. तसं नव्हतं.

"निरोप दोन आहेत," मी म्हणाले.

दुसऱ्यात शब्द फार नव्हते. रिसीव्हर भिंतीवर आपटल्याचा आवाज, मग श्वास, मग लांबून, "कुणी आहे का?" मग नुसता श्वास. तो बराच वेळ चालला. मी तो शेवटपर्यंत वाजू दिला. पडद्यावर ओळ आली: बाहेरून ऐकला, व्यवस्थापक. अर्ध्यावर तोडला.

डॉक्टर दारातून बाहेर निघून गेले. अध्यक्षबाई उठल्या, व्यवस्थापकांपुढे जाऊन हात पसरला आणि एवढंच म्हणाल्या, "किल्ल्या." त्यांनी दिल्या. पोलिसांना फोन करायला त्या स्वतः खाली गेल्या आणि जाताना दारात वायरमनला उभं करून गेल्या, साहेबांना हलू द्यायचं नाही म्हणून. व्यवस्थापक मग खुर्चीत बसून आजूबाजूला बघत राहिले, कुणीतरी आपली बाजू घेईल म्हणून. कुणी त्यांच्या शेजारीही बसलं नाही.

भूगोलाच्या बाईंची मुलगी उठली. शेवटच्या रांगेपर्यंत जायला तिला वेळ लागला. सिस्टर रडत होती, पण आवाज न करता, आणि तिने डोळे पुसले नाहीत.

"मी आजोबांपाशी होते," सिस्टर म्हणाली. "त्यांना माहीत होतं. मी कुठे आहे ते त्यांना माहीत होतं."

"मला माफ कर," मुलगी म्हणाली. "मी काय काय बोलले तुला. सगळ्यांना सांगितलं मी. मी आता काय करू, तू सांग. तुझे पाय धरू का?"

सिस्टरने पाय मागे घेतले.

"पाय नको," ती म्हणाली. "ज्यांना ज्यांना ते सांगितलंत, त्यांना आता हे सांगा. एकेकाला. माझ्या आईला पहिलं."

मुलगी तिथेच खुर्चीत बसली आणि पर्समधून मोबाइल काढला. नंबर सिस्टरने सांगितला, एकेक आकडा. पलीकडे घंटा गेली. कुणीतरी उचललं.

"काकू," मुलगी म्हणाली, "मी तुमच्या मुलीबद्दल खोटं सांगितलं होतं."